वाळूचं विरजण

वहिनीला वहिनी न म्हणणारा माणूस गावात शोधूनही सापडला नसता. लग्न होऊन ती पाणीपुरवठ्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत आली, तेव्हा घरात दोन धाकटे दीर होते. ते तिला वहिनी म्हणत. दिरांचं ऐकून गाळणघरावरचे कामगार म्हणू लागले, कामगारांचं ऐकून दूधवाला, आणि दूधवाल्याने ते दारोदार पोचवलं. पुढे तर तिच्या वडिलांच्या वयाचा पोस्टमनही फाटकातून "वहिनी, पत्र!" अशी हाक द्यायचा. नवरा म्हणायचा, "तू अख्ख्या गावाची वहिनी, म्हणजे मी अख्ख्या गावाचा थोरला भाऊ. पण बसमध्ये कुणी उठून जागा देईल तर शपथ." तो स्वतःच बस चालवायचा, त्यामुळे जागेचा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. पण हे वाक्य त्याला फार आवडायचं.

गाळणघरातल्या आपल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी वहिनीला कळलं की जुनं गाळणघर बंद होणार. नदीपलीकडे नवं बांधून होत आलं होतं. नवे हौद, निळे पाइप, भिंतीवर बटणं. जुन्याचं छप्पर गळत होतं, हौदांच्या भिंती पाझरत होत्या, पाणी सोडायचं मोठं चाक फिरवताना चाकवाल्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. ते बंद होणार यात गैर काही नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तिला घोर लागला तो एकाच गोष्टीचा. विरजणाचं काय होणार?

हे विरजण दुधाचं नव्हे, वाळूचं. ते समजायला गावाचं पाणी समजून घ्यावं लागेल.

गावाला पाणी मिळायचं ते जमिनीच्या पोटातून, खोल विहिरींतून. उपसलं की काचेसारखं स्वच्छ. नवा माणूस बघून म्हणायचा, याला गाळायचं ते काय? मग तेच पाणी बादलीत ठेवलं की दुपारपर्यंत पिवळसर व्हायचं, संध्याकाळपर्यंत तांबूस, आणि सकाळी बादलीच्या तळाशी गंजाचा मऊ साका बसलेला असायचा. त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. जमिनीखाली अंधारात होतं तोवर ते गुमान असायचं. वर येऊन हवा लागली की त्याचं बिंग फुटायचं.

वहिनीला हे कळलं ते सासरी आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. माहेरून आणलेल्या पांढऱ्या चादरी तिने हौसेने धुतल्या. गाळलेल्या पाण्याचा नळ कुठला आणि विहिरीचा कुठला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीच्या पाण्यात चादरी भिजवून ती दिवसभर कामात गुंतली, आणि संध्याकाळी वाळत घालायला गेली तर चादरींवर विटकरी नकाशे उमटलेले. ती दोरीखाली उभी राहून रडायला लागली. तेवढ्यात मामंजी कामावरून येत होते. ते गाळणघराचे मुख्य कामगार. उंच, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली विजार, आणि पायांच्या नखांना कायमचा तांबूस रंग.

"रडतेस काय, पोरी?" ते म्हणाले. "या आवारात पांढरं काही टिकत नाही. माझे केस तेवढे पांढरे झाले, तेही पाण्याला न विचारता."

तिला रडता रडता हसू आलं. मामंजी म्हणाले, "चल, तुझ्या चादरी कुणी रंगवल्या ते दाखवतो."

गाळणघरात शिरताच तिला पहिल्यांदा जाणवला तो वास. ओल्या नाण्याचा, पावसाळी मातीचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला तिला पुढे आयुष्यभर नाव सापडलं नाही. विहिरीचं पाणी आधी सिमेंटच्या पायऱ्यांवरून खळखळत उतरायचं, म्हणजे त्याला थोडी हवा लागे. मग ते वाळूच्या हौदांत पसरायचं आणि वाळूतून झिरपून तळाच्या नळ्यांतून गावाकडे जायचं. पायऱ्यांवर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं, पण रंग गंजाचा.

"शेवाळ आहे का हो, मामंजी?"

"शेवाळ हिरवं असतं, उन्हावर जगतं. हे लोखंडावर जगतं."

"जगतं?"

"जिवंत आहे म्हटल्यावर जगणारच. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव आहेत. पाण्यातलं लोखंड घेतात, त्याचा गंज करतात, त्यातच त्यांचं पोट भरतं. आपण भाकरी खातो आणि ताट मागे राहतं, तसा हा गंज मागे राहतो. वाळू त्याला धरून ठेवते. पाणी मोकळं होऊन पुढे जातं."

मग त्यांनी तिला डबक्यातला तवंग दाखवला. पायऱ्यांच्या बाजूला साचलेल्या पाण्यावर मोरपंखी चकाकी होती. "तेल सांडलंय," ती लगेच म्हणाली. मामंजी खूश झाले. हेच ऐकायची ते वाट बघत होते. दरवर्षी तपासणीला येणारा नवा साहेब हेच म्हणायचा आणि पंपवाल्याला फैलावर घ्यायचा. मामंजींनी काडी उचलून तवंगात घातली. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. "तेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं," ते म्हणाले. "हे त्या जिवांनीच विणलेलं आहे. फाटलं की फाटलं."

ती काडी हातात घेऊन संध्याकाळ पडेपर्यंत तवंग फोडत बसली. नवऱ्याने जेवताना विचारलं, "बाबांनी तुलाही लावलं का नादाला?" तिचे कान लाल झाले.

विरजणाची रीत तिला हौद धुताना कळली. गंज साचून साचून वाळू जड झाली, पाणी झिरपेनासं झालं, की हौद रिकामा करावा लागे. मग कामगार आत उतरून वरचा थर फावड्याने काढत, घमेल्यांनी बाहेर नेत, धुऊन परत आणत. सगळे मिळून ते भराभर करत, पण एका भिंतीलगतच्या हातभर रुंदीच्या पट्टीला कुणी शिवायचं नाही. पट्टीवर कुणी पाय ठेवला तरी मामंजी ओरडत. धुतलेली वाळू पसरून झाली की ते स्वतः त्या पट्टीतली वाळू ओंजळीने उचलत आणि पेरल्यासारखी सगळीकडे टाकत. मग दंताळ्याने हलकेच सारखी करून घेत.

"धुतलेली वाळू म्हणजे नुसतं दूध," ते सांगत. "त्यात जुनं काहीतरी घातल्याशिवाय लागायचं कसं? हे माझ्या वस्तादाच्या हातचं विरजण आहे. त्याच्याकडे कुणाचं होतं ते त्यालाच ठाऊक. मी फक्त मोडू दिलेलं नाही."

विरजण लागलं की नाही हे बघायची त्यांची पद्धतही घरगुती होती. एका पेल्यात हौदातून निघालेलं पाणी घ्यायचं, त्यात बिनदुधाच्या कडक चहाचे दोन थेंब टाकायचे. पाणी नुसतं पिवळं झालं तर ठीक. जांभळट, शाईसारखं झालं तर लोखंड अजून आत आहे. मामंजींच्या चहाच्या कपात म्हणून शेवटचा घोट नेहमी उरायचाच, आणि तो धुऊन टाकणाऱ्याची काही धडगत नसे.

त्यांच्या तिन्ही मुलांपैकी कुणालाही गाळणघर नको होतं. धाकटे दोघे शहरात गेले. थोरला बसवर लागला. "मला न गंजणारं काम पाहिजे," असं म्हणून लागला, आणि पहिल्याच वर्षी त्याच्या वाट्याला आलेल्या बसच्या फरशीला भोक पडलं. मामंजी त्या भोकाची चौकशी रोज करत. "काय म्हणतंय रे तुझं न गंजणारं काम? रस्ता दिसतो का आतून?" पण वहिनी हौदावर जाऊन बसायची. आधी डबा द्यायला, मग घमेलं उचलायला, मग चक्क पगारावर. मामंजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं यावर ऑफिसात दोन दिवस खल चालला. फावडं मारायला बाई कशी चालेल, असं कुणीतरी म्हणालं. चाकवाला, जो तेव्हा नुकताच लागला होता, म्हणाला, "मग तुम्ही या मारायला." विषय मिटला.

निवृत्तीनंतरही मामंजी रोज येऊन दारातल्या स्टुलावर बसत. डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा वहिनी त्यांचा हात धरून हौदापर्यंत न्यायची. ते वाळूत बोटं खुपसत. बुळबुळीत लागली की मान डोलवत. "जिवंत आहे." त्या दोन शब्दांसाठी ती सगळा आठवडा राबायची, असं म्हटलं तरी चालेल. ते गेले त्या दिवशी त्यांनी शेवटचं म्हणून काही सांगितलं नाही. नखं कापून द्यायला घरात कुणी मोकळं नाही, म्हणून सकाळभर कुरकुरत होते. वहिनीने नखं कापली, कातरी धुऊन जागेवर ठेवली, आणि वळून बघते तर ते झोपल्यासारखे पडलेले. नखांचा रंग तेव्हाही तांबूसच होता.

तेव्हापासून पट्टी ती राखत आली. दुसऱ्या कुणाच्या ओंजळीने तिने कधी वाळू पसरू दिली नाही. हौदाच्या भिंतीलगतची ती हातभर जागा म्हणजे मामंजी, इतकं ते तिच्या मनात साधं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नसतं. नवऱ्याला तर नाहीच.

नव्या गाळणघराच्या इंजिनीयर मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणूनच ती जरा ताठली होती. मॅडम तिच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या, पाठीवर सॅक, बुटांवर चिखल. गावात त्या एकट्याच तिला वहिनीऐवजी काकू म्हणत.

"काकू, तुमची ही वाळू आपण नव्या हौदात नेणार आहोत हं," मॅडम म्हणाल्या. "नव्या वाळूवर हे जीव बसायला फार वेळ लागतो. जुनी घातली की काम लवकर सुरू होतं."

"म्हणजे विरजण."

मॅडमना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. हेड ऑफिसच्या मीटिंगमध्येही त्यांनी तो वापरला, असं नंतर कानावर आलं. वहिनीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मामंजींचं विरजण नदी ओलांडणार होतं. बाकी छप्पर, चाक, पायऱ्या जातील तर खुशाल जावोत.

पण जायची वेळ आली ती सांगून आली नाही. जुना पंप एका सकाळी धूर सोडून बंद पडला. आता याच्यावर खर्च कशाला, असं वरून ठरलं. नव्याकडे पाइप जोडायचं काम अजून बाकी होतं, तोवर गावाला टँकरने पाणी द्यायचं. मॅडम तेव्हा बाहेरगावी होत्या. त्यांचा फोन आला. "काकू, पट्टीची वाळू काढून ठेवा, आणि ओली ठेवा. सुकू देऊ नका. मी आलेच."

वहिनी आणि चाकवाला कामाला लागले. स्वच्छ धुतलेले प्लास्टिकचे पिंप आणले. पट्टीतली वाळू अलगद, थर न मोडता, उचलून आत भरली. वरून काठोकाठ पाणी. मग झाकणं घट्ट लावली, आणि पिंप घराच्या पडवीत सावलीला ठेवून भोवती ओली पोती गुंडाळली.

"झाकण जरा उघडं ठेवायचं का, वहिनी?" चाकवाल्याने विचारलं.

"विरजण कधी उघडं ठेवतात का? आणि धक्का लावू नकोस हं त्याला. मोडेल."

नवरा आता निवृत्त होऊन घरीच असायचा. पडवीत त्याची आरामखुर्ची होती, ती पिंपांनी भिंतीला नेऊन लावली. "बाबा होते तेव्हा गाळणघर निदान आवारात होतं," तो म्हणाला. "आता माझ्या मांडीवर आलं."

"पाय पसरू नका. लागेल पिंपाला."

"नाही पसरत. श्वास घेतला तर चालेल ना?"

रोज सकाळी उठल्यावर ती पोत्यांवर पाणी मारायची आणि पिंपांवरून हात फिरवायची. झाकण मात्र एकदाही उघडलं नाही. काम लांबत गेलं. पाइपचा एक सांधा गळत होता, तो दुरुस्त होईपर्यंत मॅडमही अडकल्या. अखेर त्या एका दुपारी घाईघाईने आल्या, पडवीतले पिंप बघितले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, झाकणं लावली होती?"

"घट्ट," वहिनी अभिमानाने म्हणाली.

पहिलं झाकण निघालं तसा सडक्या अंड्यासारखा वास पडवीभर पसरला. वरचा बोटभर थर अजून तांबूस होता. त्याखाली सगळं काळं. वहिनीने हात घातला. बोटांना चिकटून आला तो काजळीसारखा चिखल. ती तशीच हात पुढे धरून उभी राहिली, आपलाच हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखी.

"मेलं," ती म्हणाली.

मॅडमनी तिला आरामखुर्चीत बसवलं. नवरा तिच्यासाठी खुर्चीतून उठला होता, हे त्या दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी नुसतं ओली ठेवा म्हणाले. यांना वाहतं पाणी लागतं, थोडी का होईना हवा लागते. हे सांगायला हवं होतं."

"दह्याला तर झाकणच लागतं," वहिनी पुटपुटली. "मामंजी विरजण म्हणायचे, म्हणून मी आपलं..."

"हो, पण हे तसं नाही ना. आतली हवा संपली की दुसरे जीव जागे होतात. ते वाळूत असतातच, खाली, गपचूप. त्यांना हवा लागत नाही. आपण श्वासाला हवा वापरतो, ते गंज वापरतात. तुमच्यावाल्यांनी इतकी वर्षं जो गंज साठवला, तो हे मोडून खातात. मग लोखंड परत पाण्यात विरघळतं."

वहिनीने उठून पिंपातलं पाणी पेल्यात घेतलं. ते स्वच्छ दिसत होतं, विहिरीतून नुकतं उपसल्यासारखं. तिने आतून सकाळचा उरलेला बिनदुधाचा चहा आणला आणि दोन थेंब टाकले. पाणी जांभळं-काळं झालं. तिने पेला खाली ठेवला. मामंजींच्या वस्तादापासूनचं सगळं जणू उलटं चालत जाऊन पुन्हा जमिनीखाली निघालं होतं.

मॅडमनी सॅकमधून लोहचुंबक काढला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काळ्या चिखलातून फिरवला. बाहेर काढला तर त्याला बारीक काळ्या मिशा फुटल्या होत्या. "हेही तेच करतात. गंजाचे असे काळे कण होतात कधीकधी, चुंबकाला चिकटणारे. काही वाळूत आधीपासूनचे असतील, सगळेच आताचे म्हणता येणार नाही."

"बाबांना दाढीमिशा नव्हत्या कधी," नवरा दारातून म्हणाला. मग वहिनीचा चेहरा बघून तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"यातलं काहीच नाही का उरलं?" तिने विचारलं.

"वरच्या थरात असतील थोडे. घालून बघू."

नव्या गाळणघरात दोन हौद होते. वाचलेली वाळू जेमतेम एका हौदाला पुरली. वहिनीने ती हाताने पसरली, तशीच, पेरल्यासारखी. दुसऱ्या हौदात नुसती कोरी वाळू राहिली. बटण दाबल्यावर पाणी पायऱ्यांवरून उतरलं, हौदांत पसरलं, आणि पलीकडून निघालं ते आत गेलं तसंच. लोखंडासकट.

मग सुरू झाली वाट बघण्याची मुदत, आणि ती सगळ्या गावाने बघितली. नळाला तांबूस पाणी आलं. भात पिवळा, कपडे डागाळलेले, चहा शाईसारखा. वहिनी रस्त्यावरून जायची तर खिडक्यांतून हाका येत. "वहिनी, अहो आमच्या साहेबांचा शर्ट बघा, वाघासारखा झालाय!" "वहिनी, हे पाणी प्यायचं की पेनात भरायचं?" नवरा बस स्टँडवर गप्पा मारायला जायचा तो लवकर परत येऊ लागला. "माझ्या बापाने इतकी वर्षं पाणी दिलं, कुणी आभाराचं पत्र लिहिलं नाही," तो म्हणाला. "आता मला धरून विचारतात. पाणी काय माझ्या बापाचं आहे?" आणि मग त्याला स्वतःलाच काय बोललो ते कळून तो ओशाळून हसला.

वहिनी रोज सकाळी पहिल्या हौदाशी जाऊन वाळूत बोटं खुपसायची. वाळू खरखरीत लागायची. हात पुसून ती कामाला लागायची. दुसऱ्या हौदाकडे ती बघायचीही नाही. तिथे बघण्यासारखं काय होतं? गाव ओरडत होतं ते तिला ऐकू येत होतं, त्याची लाजही वाटत होती. पण खरं सांगायचं तर तिला गावाची काळजी नव्हती. गावाला आज ना उद्या पाणी मिळणारच होतं. मामंजी मात्र तिच्या हातून सुटले की काय, हे तिला त्या वाळूकडून ऐकायचं होतं.

आणि एका सकाळी वाळू बुळबुळीत लागली.

तिने हात बाहेर काढून बघितला, पुन्हा घातला. पाण्याखाली वाळूवर केशरी, मऊ लव आली होती. काल संध्याकाळी ती नव्हती, किंवा असेल आणि दिसली नसेल. "जिवंत आहे," ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"वहिनी!" पलीकडून चाकवाल्याची हाक आली. नव्या गाळणघरात चाक नव्हतं, तरी तो चाकवालाच राहिला होता. "इकडे या जरा. हे बघा काय!"

ती दुसऱ्या हौदाशी गेली. तिथेही वाळूवर तशीच लव होती. तोच रंग, तेवढीच जाड. कडेला तर पहिल्यापेक्षा जास्तच.

"लागलं की!" चाकवाला आनंदाने म्हणाला. "दोन्हीकडे लागलं!"

वहिनीने वाकून त्या वाळूतही बोटं खुपसली. चाकवाल्याला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल.

दुपारी मॅडमनी दोन्ही हौदांतला एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिला खुर्चीवर बसवलं. वहिनीला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकदम सगळं स्पष्ट झालं. पिळलेल्या दोऱ्यांसारख्या बारीक फिती, एकमेकींत गुंतलेल्या, सोनेरी-तांबूस. इतक्या वर्षांत तिने घमेल्यांनी उपसलेल्या गंजाला असा रेखीव पीळ असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"हेच का ते?"

"हा त्यांचा गंज. जीव टोकाला असतो, आणि वाढता वाढता हा पीळ मागे सोडत जातो. पुष्कळदा तो निघूनही गेलेला असतो, पीळ तेवढा राहतो."

वहिनीने डोळा काढला नाही. "आणि ही कुठल्या हौदातली?"

"ही दुसऱ्या."

"पहिल्यातली दाखवा."

मॅडमनी काच बदलली. तोच पीळ, तोच रंग.

"दुसऱ्यात आले कुठून हे? तिथे तर मी काहीच घातलं नव्हतं."

"विहिरीच्या पाण्याबरोबर येतात ते. नेहमीच येतात. जमिनीखाली असतातच. नुसती वाळू ठेवली तरी बसतात, फक्त वेळ लागतो."

"मग पहिल्यातले आमचे, की तेही पाण्याबरोबर आलेले?"

वहिनीला बरं वाटेल असं काहीतरी सांगणं सोपं होतं, ते मॅडमच्या ओठांवर आलेलंही दिसलं. "नाही सांगता येणार, काकू," त्या म्हणाल्या. "थोडे तुमचे असतील. थोडे नवे. खरं म्हणजे जुन्या हौदातही असंच चालू असणार. रोज नवे येत असणार."

घरी येऊन वहिनीने हातपाय धुतले आणि ती पडवीत बसली. पिंप गेल्यापासून आरामखुर्ची परत जागेवर आली होती. नवऱ्याने विचारल्यावर तिने सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, आवाजही चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

नवरा ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाबा उगाचच. जन्मभर त्या पट्टीवरून लोकांवर खेकसले, मला एकदा कानाखाली दिली त्यापायी. आणि ते आपलं आपण लागत होतं."

"उगाच?" वहिनी ताडकन वळली. ती इतक्या जोरात बोलली की शेजारचं मांजर कठड्यावरून उडी मारून पळालं. "उगाच कसं हो? इतके दिवस गाव कसं बोंबललं, ऐकलंत ना? तुम्हाला स्टँडवर बसवेना. नवीन लागायला एवढा वेळ जातो. मामंजी दर धुलाईला ते दिवस वाचवत होते. गावाला एकदाही कळलं नाही की हौद धुतला. एकदाही कुणाचा चहा काळा झाला नाही. पत्र लिहिलं नाही म्हणता ना कुणी? कशाला लिहितील? त्यांना काही झालेलंच नव्हतं!"

हे सगळं आपल्याला माहीत होतं हे तिला बोलेपर्यंत माहीत नव्हतं. सकाळपासून छातीत जे अडकून बसलं होतं ते कुठेतरी हललं, आणि तिला एकदम मामंजी दिसले, ओंजळीत वाळू घेऊन हौदात वाकलेले, अगदी साधे, कामात असलेले. वस्तादाचं काही सांभाळणारे वगैरे नाही. उद्या सकाळी लोकांना पाणी मिळालं पाहिजे, एवढ्या घाईत असलेले.

नवऱ्याने एकदा आपला गाल चोळला, बहुधा तो कानाखालचा. मग उठून स्वयंपाकघरातून पेला घेतला आणि मागच्या नळाकडे गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, पण पेला भरल्याचा आला नाही. वहिनीने वाकून बघितलं तर तो नळापुढे नुसता उभा होता. पाणी आता स्वच्छ येत होतं, आणि तो त्याकडे बघत होता, पहिल्यांदाच बघावं तसा.

वहिनीने थोडा वेळ वाट बघितली. आणखी थोडा वेळ बघितली.

"अहो, बंद करा तो नळ," मग ती ओरडली. "आपोआप येतं म्हणून काय वाहून घालवायचं?"